आमचा वाकडा लिंब

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. अजेंड्यावर चार विषय होते. पाण्याच्या टँकरचा हिशोब, लिफ्टची दुरुस्ती, बी विंगच्या गच्चीची गळती आणि 'इतर'. खरी भांडणं नेहमी 'इतर'मध्येच असतात, हे सोसायटीत राहणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको :)

तर 'इतर'मध्ये सेक्रेटरी काकांनी हळूच विषय काढला. "ते पार्किंगजवळचं लिंबाचं झाड फार वाकडं झालंय. मे महिन्यातल्या वादळात पलीकडच्या गल्लीत गुलमोहोर पडला, गाडीचा चुराडा झाला. आपलं पण पडायच्या आधी काढून टाकू. ठराव घ्यायचा का?"

(पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: आमच्या मराठवाड्यात लिंब म्हणजे कडुनिंब. सरबताचं ते लिंबू. गोंधळ नको.)

सात-आठ हात वर गेले. मी लॅपटॉपवर एक बिल्ड लावून तसाच खाली आलो होतो, अर्धं लक्ष तिकडेच. पण हात वर गेलेले बघून मला एकदम काहीतरी झालं. मी उभा राहिलो आणि पर्यावरण, ऑक्सिजन, सावली, चिकलठाणा वेधशाळेचे उन्हाळ्यातले आकडे, असं जे सुचेल ते बोलत सुटलो. दोन मिनिटं सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग बी विंगमधल्या एक ताई शांतपणे म्हणाल्या, "दादा, ते सगळं खरंय. पण माझा मुलगा रोज त्या झाडाखाली सायकल खेळतो. ते पडणार नाही असं तू लिहून देतोस का?"

मी खाली बसलो. ठराव पुढच्या मीटिंगवर ढकलला गेला, तेवढंच काय ते यश.

प्रश्न अगदी बरोबर होता. मला झाड आवडतं म्हणून ते पडणार नाही, असं थोडंच आहे? पण तितकंच हेही खरं की काकांना ते वाकडं दिसतं म्हणून ते पडणारच, असंही नाही. आम्ही दोघंही झाडाकडे न बघता झाडाबद्दल बोलत होतो. मग ठरवलं, हा आठवडा जरा झाडाकडे बघू. आजचा लेख त्याबद्दल. थोडा लांब आहे, चहा घेऊन बसा.

*

सुरुवात मुगापासून केली. झाड वाकडं का होतं हे समजायचं तर आधी ते सरळ कसं राहतं हे कळायला पाहिजे ना.

शेजारी एक नववीतली पोरगी आहे. तिला विचारलं, "मूळ खाली का जातं गं?" तिने डोळे मिटून धडाधडा म्हणून दाखवलं, "गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने होणाऱ्या मुळांच्या वाढीस गुरुत्वानुवर्तन असे म्हणतात." दोन मार्क पक्के. मी म्हटलं, "म्हणतात ते ठीक आहे, पण मुळाला कसं कळतं खाली कुठे आहे ते?" ती म्हणाली, "ते पुस्तकात नाहीये." माझ्याही पुस्तकात नव्हतं. मीही अशीच व्याख्या घोकून दोन मार्क मिळवले होते. नंतर चार वर्षं इंजिनियरिंग केलं, पण एकदा कुंडी आडवी करून बघायचं काही सुचलं नाही.

मग आम्ही दोघांनी काचेच्या दोन तुकड्यांमध्ये ओला टिश्यू पेपर ठेवला, त्यात भिजवलेले मूग लावले आणि काचा कपाटात अंधारात उभ्या केल्या. दोन दिवसांत मुळं सरळ खाली. मग काचा नव्वद अंशांत फिरवल्या आणि झोपलो. सकाळी दार उघडलं तर प्रत्येक मुळाचं टोक काटकोनात वळून पुन्हा खाली! पोरगी ओरडलीच. खरं सांगतो, मीही.

तुम्ही म्हणाल त्यात काय, वजनाने लोंबलं असेल. नाही ना. वजनाने लोंबायचं असतं तर वर जाणारा कोंबही लोंबला असता. तो तर उलट वर वळला होता. एकच सिग्नल, आणि एकाच रोपाच्या दोन टोकांनी त्याचे दोन उलटे अर्थ लावलेले.

ही शंका दोनशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाला फार सुंदर सुचली. थॉमस नाइट नावाच्या इंग्रज बागायतदाराने १८०६ साली एक पाणचक्की घेतली. तिच्या चाकावर शेंगवर्गातल्या बिया बांधल्या आणि चाक सतत जोरात फिरत ठेवलं. आता बियांसाठी 'खाली' अशी ठरावीक दिशाच उरली नाही, उरला तो फक्त चाकाचा बाहेर फेकणारा जोर. मुळं सगळी बाहेरच्या बाजूला वाढली, कोंब सगळे चाकाच्या मध्याकडे. म्हणजे झाडाला 'जमीन' कळत नाही, 'जोर' कळतो. तो खऱ्या गुरुत्वाकर्षणाचा असो की चाकाचा. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याने इनपुट मॉक करून टेस्ट लिहिली. १८०६ साली! आपण आज टेस्ट केस लिहायला कंटाळतो, असो.

मग हा जोर कळतो कुठे? मुळाच्या अगदी टोकाला टोपीसारखा एक भाग असतो. त्याच्या मधल्या पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात. रोप आडवं झालं की हे कण पेशीत घसरून नव्या खालच्या बाजूला जाऊन बसतात. बाटलीतल्या वाळूसारखे. हाबरलांट आणि नेमेक या दोघांनी वेगवेगळं काम करून १९०० साली ही कल्पना मांडली. पण कण खाली बसल्यावर पेशीला ते 'कळतं' कसं, यावर पुढे शंभरेक वर्षं वाद चालू राहिला. अगदी २०२३ साली त्यातली एक मोठी कडी जुळली. त्या कणांवर 'लेझी' नावाची प्रथिनं चिकटलेली असतात. कण घसरले की ही प्रथिनं जवळच्या पेशीपटलावर उतरतात आणि 'खाली इकडे आहे' अशी खूण तिथे तयार होते. (नाव लेझी का? तर ती बिघडलेली रोपं उभी राहत नाहीत, आळशासारखी आडवी पसरतात. शास्त्रज्ञांनाही विनोदबुद्धी असते.)

खूण झाली की पुढचं काम ऑक्झिन या संप्रेरकाचं. ते खालच्या बाजूला जास्त जमा होतं. मुळात जास्त ऑक्झिनने वाढ मंदावते, कोंबात ती वेगाने होते. म्हणून मुळाची वरची बाजू पुढे पळते आणि मूळ खाली वळतं. कोंबाची खालची बाजू पुढे पळते आणि कोंब वर वळतो. मेसेज एकच, हँडलर वेगळे.

*

उजेडाची गोष्टही अशीच. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग केले. कोंबाच्या टोकावर काळी टोपी घातली तर तो उजेडाकडे वळेना. टोक उघडं ठेवून खालचा भाग झाकला तर मात्र वळला. म्हणजे बघणारा भाग वर आणि वळणारा भाग खाली, मध्ये काहीतरी निरोप जातो. हे त्यांनी १८८० च्या पुस्तकात लिहिलं. निरोप्या सापडायला पुढे चाळीस-पन्नास वर्षं लागली. हॉलंडमध्ये फ्रिट्झ वेंट या तरुणाने १९२६ च्या सुमारास ओटच्या कोंबांची टोकं कापून अगारच्या ठोकळ्यांवर ठेवली. मग टोकं फेकून दिली आणि नुसता ठोकळा कापलेल्या कोंबावर एका कडेला ठेवला. अंधारातही कोंब वाकला! टोकातून ठोकळ्यात उतरलेलं रसायन हाच तो निरोप. तेच ऑक्झिन.

उजेडातही झाड सगळे रंग सारखे मोजत नाही. वळण्यासाठी त्याला मुख्यतः निळा प्रकाश लागतो, आणि तो पकडणाऱ्या प्रथिनांना फोटोट्रॉपिन म्हणतात. सावलीच्या बाजूला ऑक्झिन जास्त, ती बाजू जास्त लांबते आणि कोंब उजेडाकडे झुकतो. बायकांनी खिडकीतल्या तुळशीची कुंडी दर चार दिवसांनी फिरवायची, हे माझ्या आजीला कुठल्याही फोटोट्रॉपिनशिवाय माहीत होतं, ते वेगळं.

म्हणजे झाडाला दोन मॅनेजर. एक म्हणतो सरळ वर जा, दुसरा म्हणतो उजेड असेल तिकडे जा. उघड्या माळावर दोघांचं म्हणणं एकच असतं, कारण सगळं आभाळच उघडं. भांडण सुरू होतं ते मध्ये बिल्डिंग आली की.

दोघांपैकी एक मॅनेजर काढूनच टाकला तर काय होतं, हे आता अंतराळात बघता येतं. इस्रोने ३० डिसेंबर २०२४ ला सोडलेल्या पीएसएलव्ही-सी६० बरोबर चवळीच्या आठ बिया वर पाठवल्या होत्या. चार दिवसांत त्यांना मोड आले, पुढे पानंही फुटली. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला यांनी अंतराळ स्थानकात मूग आणि मेथीला मोड आणले. आपल्या उसळीचं बी तिथे पोचलंय मंडळी, जिथे 'खाली' नावाची गोष्टच नाही :)

*

आता आमचा लिंब.

तो कुणी लावलेला नाही. कावळ्याच्या कृपेने कंपाउंडच्या भिंतीजवळ आपोआप उगवला. मी चौथीत होतो, म्हणजे २००६ चा पावसाळा. तेव्हा फक्त ए विंग होती आणि बाकी मोकळा माळ. विमानतळावर उतरणारी विमानं आमच्या गॅलरीतून दिसायची. बाबा इथल्याच एमआयडीसीत कामाला होते. शिफ्टवरून आले की हातपाय धुतलेलं पाणी त्या रोपाला घालायचे. त्यापलीकडे त्याची काही निगा कुणी राखली नाही. २०१० मध्ये झाडाच्या दक्षिणेला बी विंग आली. चार मजले.

आता जरा भूगोल. आपण साधारण २० अंश उत्तरेला आहोत. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंतचे दोनेक महिने सोडले तर दुपारचा सूर्य आपल्या दक्षिणेलाच असतो. डिसेंबरअखेरीस तर भर दुपारीही तो जेमतेम ४७ अंशांवर येतो. म्हणजे उंच बिल्डिंगच्या उत्तरेला चिकटून असलेल्या झाडाला थेट ऊन विसरायचं. त्याच्यासाठी उजेड उरतो तो उत्तरेच्या मोकळ्या आभाळाचा. आमच्या लिंबाने तेच केलं, उत्तरेला निघाला. उत्तरेला काय आहे? पार्किंग.

बुधवारी सकाळी मी शेजारच्या बांधकामावरच्या मिस्त्रीकडून ओळंबा मागून आणला आणि झाडाजवळ उभा राहिलो. (वॉचमनने विचारलं, "काय करायलात दादा?" म्हटलं, "डीबगिंग.") आणि तेव्हा मला अशी गोष्ट दिसली, जी वीस वर्षं रोज बघून दिसली नव्हती.

लिंब सगळा वाकडा नाहीये. खालचे तीन-साडेतीन फूट ओळंब्याला जवळजवळ सरळ आहेत. त्याच्यावर तो उत्तरेकडे कलतो, मोबाईलच्या अँगल अॅपने सोळा अंश दाखवले. आणि साधारण दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, बी विंगच्या सावलीतून जरा बाहेर आल्यावर, शेंडा पुन्हा सरळ वर गेलाय.

हे महत्त्वाचं का? झाडाची उंची फक्त शेंड्याकडून वाढते. खोड खालून वर ढकललं जात नाही. खोडावर कुणी बदाम कोरला तर वीस वर्षांनीही तो त्याच उंचीवर असतो, फक्त रुंद होतो. म्हणजे खोड ही चक्क लॉग फाइल आहे. जुन्या नोंदी खाली, नव्या वर, मधलं काही खोडता येत नाही. आमच्या लिंबाची फाइल अशी वाचायची: पहिली तीन-चार वर्षं मोकळं आभाळ, सरळ वाढ. मग २०१० ला बी विंग, उत्तरेकडे कल. मग मोकळी जागा सापडली, पुन्हा सरळ.

आणि दुसरी गोष्ट. झाड जर मुळापासून उलथत असतं तर खालचे तीन फूटही कलले असते ना? ते सरळ आहेत. उत्तरेकडची माती दबलेली नाही, दक्षिणेकडे भेग नाही, माती उचललेली नाही. ताईच्या लग्नाचे २०१४ चे फोटो काढले. मांडवाच्या मागे हाच लिंब, तेव्हा मांडीएवढा, कंपाउंडच्या खांबाशी हाच कोन करून उभा. म्हणजे हे वाकडेपण निदान अकरा-बारा वर्षं जुनं आहे.

जुनं वाकडेपण आणि नवं वाकडेपण या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. कारण वाकलेलं झाड गप्प बसत नाही. कोवळा कोंब पेशी लांबवून वळतो, पण मांडीएवढ्या लाकडाला ते जमत नाही. मग झाड दुसरी युक्ती करतं. लिंबासारख्या रुंद पानांच्या झाडांत सहसा कललेल्या खोडाच्या वरच्या बाजूला वेगळ्या प्रकारचं लाकूड तयार होतं. त्याचे धागे आकसतात आणि खोडाला दोरीसारखं मागे खेचतात. सूचिपर्णी झाडांत उलटं. तिथे खालच्या बाजूचं लाकूड फुगून खोडाला वर ढकलतं. वर्षानुवर्षं ही ओढाताण चालू असते.

मक्यात हे चार दिवसांत बघायला मिळतं. सिल्लोडकडच्या आमच्या नातेवाइकांच्या शेतात वाऱ्याने मका आडवा होतो. तो कोवळा असेल तर पुढच्या काही दिवसांत पेरांशी वळतो, कोपरात वाकवलेल्या हातासारखा, आणि शेंडा पुन्हा वर. शेतकरी म्हणतो, "उठंल तो." सोसायटीचा सेक्रेटरी असता तर रोटाव्हेटर फिरवला असता.

आणि एक गोष्ट तर मला कंट्रोल सिस्टिमच्या पेपरची आठवण करून देणारी. झाड नुसतं 'सरळ कुठे आहे' एवढंच बघत असतं तर ते वळताना पलीकडे जाऊन पुन्हा अलीकडे, असं झोके खात बसलं असतं. २०१३ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी गणित मांडून आणि वेगवेगळ्या रोपांवर मोजून दाखवलं की झाडाला स्वतःचा बाकही कळतो. गुरुत्वाकर्षण म्हणतं वळ, आणि स्वतःच्या बाकाची जाणीव म्हणते आता पुरे, सरळ हो. दोन्हींच्या तोलातून ताठ शेंडा मिळतो. फीडबॅक आणि डॅम्पिंग! तिसऱ्या वर्षाला मी हा विषय कसाबसा काढला होता, आणि आमच्या पार्किंगमधला लिंब तो रोज सोडवत होता.

*

इथपर्यंत आलो तेव्हा मी खूश होतो. मनातल्या मनात पुढच्या मीटिंगचं भाषणही तयार. काकांना ओळंबा, लॉग फाइल, २०१४ चा फोटो, धडाधड.

मग गुरुवारी जेवताना बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ते बरोबरै. पण दोन वर्षांखाली ड्रेनेजची लाइन टाकली तेव्हा नाली कुठून खणली होती, आठवतंय का?"

आठवलं. बी विंग आणि झाड यांच्या मधून. खोडापासून चारेक फुटांवर. आणि बाबांना आठवत होतं की मनगटाएवढ्या जाड मुळ्या मध्ये आल्या म्हणून मजुरांनी त्या कुऱ्हाडीने तोडल्या होत्या.

आता बघा. झाडाचा भार उत्तरेला कललेला आहे. म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या मुळ्या कोणत्या? तंबूची दोरी नेहमी ओढीच्या उलट बाजूला लागते. दक्षिणेच्या. आणि नाली खणली होती दक्षिणेलाच. त्यावर वरून पेव्हर ब्लॉक बसवले, खोडाला अगदी चिकटून, साधं आळंसुद्धा ठेवलं नाही. म्हणजे माती उचलली गेलीये की नाही हे मला जिथे दिसायला हवं होतं, तिथे मुळात माती दिसतच नव्हती. 'भेग नाही' असं मी वर लिहिलंय ना? तिथे मी भेग बघितली ती ब्लॉकमध्ये. चालणार नाही ते.

पानं गर्द आहेत, हिरवी आहेत, यावरही विसंबून चालत नाही. पाणी ओढायला बारीक मुळ्या पुरतात, वादळात उभं राहायला जाड लागतात. उलट गर्द पसारा म्हणजे वाऱ्याला मोठं शीड.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. खरं सांगायचं तर एक क्षण वाटलं, नालीचं कशाला काढायचं? कुणाच्या लक्षात नाहीये. ओळंबा आणि फोटो दाखवले की मी जिंकलोच. मग त्या ताईंचा प्रश्न आठवला. लिहून देतोस का?

शुक्रवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सगळं टाकलं. वाकडेपण जुनं आहे, झाडाने ते सावरून घेतलंय, त्यासाठी तोडायचं कारण नाही. पण दक्षिणेच्या मुळ्या तोडल्या गेल्यात आणि तो धोका खरा आहे, तो किती हे मला सांगता येत नाही. दोन मिनिटांत काकांचा मेसेज: "मग तू नक्की कोणत्या बाजूने आहेस?"

*

याच प्रश्नावर हा लेख लिहावासा वाटला.

मी त्या बाजूने आहे जिथे आधी वाचतात आणि मग कापतात. एवढंच माझं मत. कामाला लागून वर्षभर झालं होतं तेव्हाची गोष्ट. जुन्या कोडमध्ये एक फारच वाकडी अट दिसली. तारीख बघणारी, कॉमेंट नसलेली, बिनकामाची. मी ती 'साफ' केली. महिनाअखेरीस एका क्लायंटच्या दीडशे लोकांचे पगार चुकले. ती अट कुणीतरी कशाचं तरी उत्तर म्हणून लिहिली होती, प्रश्न मला माहीत नव्हता, म्हणून मला उत्तर वाकडं दिसलं. आमच्या लिंबाचा बाक हेही उत्तरच आहे. प्रश्न आपण २०१० साली चार मजल्यांच्या रूपात त्याच्यासमोर ठेवला होता.

आणि म्हणून गंमत अशी की आपल्या शहरात झाडं बघायची आपली पद्धत नेमकी उलटी आहे. जे डोळ्यांना खुपतं, म्हणजे बाक, त्याची भीती वाटते. आणि जे खरं धोक्याचं आहे, केबलसाठी, पाइपसाठी, गटारासाठी दर दोन वर्षांनी तोडलेल्या मुळ्या आणि गळ्यापर्यंत आवळलेलं काँक्रीट, ते दिसत नाही म्हणून कुणी विचारत नाही. जालना रोडला लागून असलेल्या कुठल्याही कॉलनीत फिरा. ओळंब्यात सरळ उभी, एका बाजूच्या मुळ्या तुटलेली झाडं सापडतील. त्यांच्यावर ठराव कुणी आणत नाही, कारण ती सरळ दिसतात.

तिसरी गोष्ट कायद्याची. ठराव पास झाला तरी सोसायटीला झाड तोडता येत नाही. महाराष्ट्रात १९७५ पासून शहरी भागातल्या झाडांसाठी वेगळा अधिनियम आहे, आणि महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी न घेता झाड तोडणं हा गुन्हा आहे. बऱ्याच जणांना ही परवानगी म्हणजे सरकारी कटकट वाटते. मलाही आधी तेच वाटलं असतं. आता वाटतं की त्यामुळे निदान एक माणूस तरी झाड बघायला येतो, ज्याला ते आवडतही नाही आणि ज्याची गाडीही त्याखाली नाही.

तर ठरलंय ते असं. सोमवारी महापालिकेत अर्ज द्यायचा, तोडायची परवानगी मागणारा नाही, पाहणी करा म्हणणारा. काकाही सही करणार आहेत. त्यांचं म्हणणं, "ते म्हणाले तोडा, तर तू आडवा येऊ नको." मी हो म्हटलंय. माझं म्हणणं, ते म्हणाले ठेवा, तर पुन्हा ठराव आणायचा नाही. त्यांनीही हो म्हटलंय. तोवर झाडाखालच्या तीन गाड्या बाहेर लावायच्या आणि पोरांनी सायकली ए विंगच्या पुढे चालवायच्या. खोडाभोवतीचे पेव्हर ब्लॉक आज सकाळी आम्ही चौघांनी काढले. काका पहार घेऊन स्वतः आले होते. दक्षिणेच्या बाजूला माती दिसायला लागली. दोन तोडलेल्या मुळ्यांची टोकं सापडली, आणि त्यातल्या एकीच्या कडेने तीन-चार नव्या मुळ्या निघून पुन्हा दक्षिणेकडेच गेल्यात, करंगळीएवढ्या. त्या पुरेशा आहेत का, ते मला सांगता येणार नाही. ज्याला येतं तो बघेल.

नववीतली पोरगी सकाळपासून तिथेच होती. तिने आता मुगाच्या काचा कपाटातून काढून खिडकीत ठेवल्यात, एका बाजूने काळा कागद लावून. म्हणते, "दादा, आता दोन्ही मॅनेजरचं भांडण लावते."

पाहणीत काय होतं ते कळवीनच. तुमच्या सोसायटीत असं वाकडं झाड असेल तर एकदा ओळंबा घेऊन त्याच्याजवळ जा. आणि खालचे तीन फूट आधी बघा.